इथिओपियाचं उपासाचं ताट आणि आपलं कारळं

चुलवण

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं अदीस अबाबाला होतो. तिथल्या जेवणाबद्दल इथे अधूनमधून विचारणा होते, म्हणून सवड काढून लिहिते आहे. सगळ्या पदार्थांची यादी देणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. इथिओपियाच्या उंच पठारावरचं स्वयंपाकघर तिथल्या उपासांनी घडवलं आहे, आणि हे एकदा लक्षात आलं की ताटातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थाचा उलगडा होतो.

अक्सुमचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला. तिथपासून चालत आलेल्या इथिओपियन ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चच्या पंचांगात वर्षाचे साधारण २५० दिवस उपासाचे आहेत. त्यातले १८० च्या आसपास सर्वसामान्य माणसानेही पाळायचे, उरलेले मुख्यतः धर्मगुरू आणि मठवासी पाळतात. दर बुधवार आणि दर शुक्रवार उपास, फक्त ईस्टरनंतरचे ५० दिवस यातून सूट. ईस्टरच्या आधीचा हुदादे सलग ५५ दिवस. त्यांच्या नाताळच्या आधी ४३ दिवस. ऑगस्टमध्ये मेरीमातेच्या नावाचा फिल्सेता. या दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी, तूप, चीज सगळं वर्ज्य. कडक पाळणारी माणसं दुपारपर्यंत पाणीही घेत नाहीत.

आता तिथलं तूप काय चीज आहे ते सांगते. निटेर किबे म्हणजे लोणी कढवताना त्यात कोरेरिमा (वेलदोड्याच्या कुळातला मसाला), मेथी, हळद, तुळशीच्या कुळातली बेसोबेला आणि कोसेरेत नावाची सुगंधी पानं घालून गाळलेलं तूप. सणाच्या डोरो वॉतमध्ये, म्हणजे कोंबडीच्या झणझणीत रश्श्यात, ते सढळ हाताने पडतं. तिथली अर्धी चव त्या तुपात आहे. आणि वर्षातला जवळजवळ निम्मा काळ ते तूप चुलीजवळ आणायचंच नाही! अशा वेळी त्या बायकांनी काय केलं असेल?

त्यांनी कांद्यातून चव काढली. कुलेत म्हणजे त्यांच्या रश्श्यांचा पाया. भरपूर लाल कांदा अगदी बारीक चिरून कोरड्या भांड्यात मंद आचेवर ठेवतात. तेल नाही, पाणी नाही. कांदा स्वतःच्या पाण्यात शिजतो, मग ते पाणी आटतं, कांदा विरघळायला लागतो. चिकटतोय असं वाटलं की पाण्याचा हबका. हे सगळं झाल्यावर तेल, आणि तेलावर बर्बरे. बर्बरेत वाळवलेली लाल मिरची, लसूण, आलं, कोरेरिमा, मेथी, ओवा, कलौंजी, सतापाचं बी असं बरंच काही असतं. बर्बरे घातल्यावर पुन्हा मंद आच. मिरचीचा कच्चा वास जाऊन रंग गडद लाल, तपकिरीकडे झुकेपर्यंत हलवत राहायचं. डाळ पडते ती यानंतर. घाई केली की तोच रस्सा पाणचट आणि तिखटजाळ लागतो.

या पायावर मसुरीचं मिसिर वॉत होतं. हरभरा, वाटाणा, बाकला भाजून मसाल्यासकट दळलेल्या पिठाचं शिरो होतं, आणि शिरो हे रोजच्या घराचं खरं अन्न आहे. तिखट नको त्यांच्यासाठी हळदीचं सौम्य अलिचा. शिवाय गोमेन ही पालेभाजी, कोबी-बटाटा-गाजराची तिकिल गोमेन, अख्ख्या मसुरीची मोहरी घातलेली गार अझिफा, बीट, टोमॅटोची कोशिंबीर. मोठ्या इंजेरावर, म्हणजे तेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या, जाळीदार पोळीवर, हे सगळे छोटे ढीग गोलाकार मांडले की झालं येत्सोम बेयाइनेतू, उपासाचं मिश्र ताट. रंगांनीच भूक लागते.

शाकाहारी मराठी माणूस अदीसला गेला तर त्याने एवढंच करावं, बुधवारी किंवा शुक्रवारी कुठल्याही साध्या हॉटेलात शिरून 'येत्सोम' म्हणावं. तूप आहे का, अंडं आहे का, काही विचारायची गरज पडत नाही.

अजून एक. २००७ च्या जनगणनेत तिथे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती सुमारे ४३ टक्के आणि मुस्लिम सुमारे ३४ टक्के होते. परंपरेने हे दोन्ही समाज एकमेकांनी कापलेलं मांस खात नाहीत, लग्नाकार्यातही वेगळं शिजवतात. पण उपासाच्या ताटात मांसच नसल्यामुळे ती अडचण राहत नाही. आमच्या इमारतीत शुक्रवारी एकाच इंजेराभोवती दोन्ही धर्मांच्या बायका बसलेल्या मी नेहमी बघायचे. धर्माने घातलेल्या बंधनातून दुसऱ्या धर्माच्या माणसासाठी जागा तयार व्हावी, ही मला त्या अन्नाची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

पाणवठा

सुरेख धागा! वाचनखुणांत ठेवला. एक प्रश्न. इंजेरा म्हणजे आपली आंबोळीच की! तांदळाऐवजी तेफ, एवढाच फरक ना?

चुलवण

पाणवठा, दिसायला बहिणी आहेत, पण करायची रीत बरीच निराळी आहे.

तेफचा दाणा एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. मुठीतून निसटला तर शोधत बसू नये इतका. भिजवून वाटायची पद्धत नाही, आधी पीठ दळून आणतात. त्यात पाणी आणि एर्शो घालतात. एर्शो म्हणजे आधीच्या वेळच्या पिठावर साचलेलं पिवळसर आंबट पाणी, तेच विरजण. दोन-तीन दिवस आंबवतात. वर आलेलं पाणी काढून टाकतात, त्यातलं थोडं पुढच्या वेळेसाठी ठेवतात. मग थोडं पीठ उकळत्या पाण्यात शिजवून पुन्हा मूळ पिठात मिसळतात, त्याला अब्सित म्हणतात. मला हीच सगळ्यात हुशारीची पायरी वाटते. तेफमध्ये ग्लूटेन नाही, त्यामुळे पिठाला धरून ठेवणारं काही नसतं. शिजलेल्या पिठाची खळ ते काम करते आणि बुडबुडे अडकून राहतात.

भाजायला मितद, म्हणजे मातीचा दीड-दोन फूट रुंद तवा. शहरात आता विजेचे मितद आहेत. तव्याला तेल लावत नाहीत, मोहरीच्या कुळातल्या बिया भरडून त्याने तवा पुसतात. पीठ कडेपासून आत गोल गोल ओततात, वर डोळे फुटले की झाकण. उलटायचं नाही. खालची बाजू गुळगुळीत, वरची जाळीदार, आणि रस्सा त्या जाळीत शिरतो. काढायला गवताची सपाट विणलेली चटई असते, तिच्यावर सरकवून घेतात. हाताने उचलायला गेलं तर फाटतो.

ताटाखालचा इंजेरा शेवटी खातात. सगळे रस त्यात मुरलेले असतात, त्याच्यासाठी घराघरात मुलांची भांडणं होतात.

सुरगाण्याची वाट

तेल कुठलं वापरतात ते लिहिलं नाहीत तुम्ही. तूप बंद म्हटल्यावर तेलबियाच हव्यात.

चुलवण

अगदी नेमकं विचारलंत! लेख लांबेल म्हणून मागे ठेवलं होतं. पारंपरिक तेल नुगचं. आणि नुग म्हणजे आपलं कारळं, खुरासणी. तेच झाड, तेच बी. त्याचं शास्त्रीय नावसुद्धा ॲबिसिनियावरून, म्हणजे इथिओपियाच्या जुन्या नावावरून आहे. ही वनस्पती मूळची इथिओपियाच्या पठारावरची, आणि आज मुख्यतः दोनच देश ती पिकवतात, इथिओपिया आणि भारत.

उपासांमुळे त्या पठारावर तेलबियांना फार मोठं स्थान मिळालं. नुग आहे, जवस म्हणजे तेल्बा, करडई म्हणजे सुफ, तीळ म्हणजे सेलित. तूप चालत असतं तर इतक्या बियांचे इतके प्रकार झाले असते असं मला वाटत नाही. आता मात्र शहरातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत आयात केलेलं पामतेल शिरलं आहे. नुगचं घाण्यावरचं तेल महाग पडतं. जुन्या बायका हळहळतात, आणि त्यांची हळहळ रास्त आहे. त्या तेलाला खमंग वास असतो, पामतेलाला काहीच नाही.

सुरगाण्याची वाट

मी नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातला आहे. आमच्याकडे सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या भागात अजून खुरासणी पेरतात, वरकस जमिनीवर, नागलीच्या जोडीने. पाऊस ओसरला की उतार पिवळेधमक होतात. घरी तेल गाळून आणायचे, पेंड बैलाला. भाजी फोडणीला हेच तेल, लहानपणी दुसरं तेल घरात दिसलंच नाही. चटणी तर आहेच.

हे बी आफ्रिकेतून आलं हे मला आज कळतंय. आजीला सांगितलं असतं तर तिने मान्य केलं नसतं. तिच्या लेखी खुरासणी डोंगराइतकी जुनी.

चुलवण

आजीचंही बरोबर आहे, इथे येऊन हजारो वर्षं झाली असतील तर ती इथलीच. आणि नागलीचंही तेच. नागली पूर्व आफ्रिकेच्या उंच भागातली. इथिओपियात तिला दागुसा म्हणतात, तिथेही तिची भाकर आणि घरगुती बिअर होते. म्हणजे तुमच्या त्या एका उतारावर नागली आणि खुरासणी अशी दोन्ही पिकं एकाच प्रदेशातून आलेली शेजारी उभी आहेत.

खापर

यात ज्वारी राहिली. ज्वारीचं मूळही त्याच टापूतलं. पूर्व सुदानात कसाला भागात सापडलेल्या खापरांवर ज्वारीच्या दाण्यांचे आणि टरफलांचे ठसे आहेत, इसवी सनापूर्वी ३००० किंवा त्याच्याही आधीचे. ते दाणे माणसाने पिकवायला सुरुवात केलेल्या ज्वारीचे आहेत. भारतात ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात दिसायला लागते.

आपल्याकडे हबशी म्हटलं की मलिक अंबर आठवतो, जन्माने इथिओपियातला, ज्याने खडकी वसवली, पुढे तिचं औरंगाबाद झालं. जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. पण ही माणसं यायच्या कितीतरी आधी त्या बाजूचं धान्य दख्खनेत येऊन रुजलं होतं. ज्वारीची भाकरी, नाचणीचं आंबील आणि कारळ्याची चटणी हे जेवण आपण अस्सल मराठी म्हणून मिरवतो, ते मिरवावंच, पण या तिन्ही पिकांचा जन्म लाल समुद्रापलीकडचा आहे.

माजघर

खापर यांचा प्रतिसाद फार आवडला.

मूळ लेखातल्या एका मुद्द्याशी मात्र माझं जमत नाही. उपासाने स्वयंपाकघर घडवलं म्हणता, पण गरिबीनेही तेच घडवलं असतं ना? दूध-मांस रोज परवडणारा शेतकरी त्या पठारावर किती होता? नाही परवडत म्हणून डाळी खायच्या आणि नंतर त्याला धर्माची चौकट द्यायची, असं जगभर झालं आहे. आपल्याकडेही चातुर्मासाचे नियम आणि पावसाळ्यातली टंचाई यांचं नातं लावतात.

चुलवण

माजघर, मुद्दा वजनदार आहे. टंचाई होतीच, नाकारत नाही. पण टंचाईतून डाळ खाणं येतं, एका ताटात आठ प्रकार मांडणं येत नाही. तूप परवडणारं घरही हुदादेत तूप बाजूला ठेवतं. सरदाराच्या घरी आणि कुळाच्या घरी ५५ दिवस एकच नियम. पैसा, चाकरीला माणसं, वेळ सगळं असलेल्या घराला जेव्हा डाळी-भाज्यांवरच यायला लागतं, तेव्हा त्या डाळी-भाज्यांवर कसब खर्च होतं. मला वाटतं, तिथलं शाकाहारी जेवण इतकं भरीव का झालं याचं उत्तर इथे आहे.

दुसरं, उपासाचा बाजारावर परिणाम उघड दिसतो. हुदादेत अदीसमधली खाटकाची दुकानं ओस पडतात. दुधाची मागणी घसरते, दूधवाल्या सहकारी संस्थांपुढे दर वर्षी तोच प्रश्न. शेतकरी त्या काळात लोणी करून ठेवतात आणि सणाला विकतात. फासिका, म्हणजे ईस्टर, आला की लोण्याचे भाव बघावे. नुसती गरिबी असती तर मागणी अशी तारखेबरहुकूम वरखाली झाली नसती.

माजघर

बाजाराचा पुरावा मान्य. सरदाराच्या घराचं उदाहरणही पटतं. तरी कुळाच्या घरी आठ प्रकार होत नसणार, शिरो आणि इंजेरा एवढंच असणार.

चुलवण

हो. खेड्यात उपासाचं जेवण म्हणजे शिरो आणि इंजेरा, तोही पुष्कळदा निव्वळ तेफचा नाही. तेफ महाग, त्यात ज्वारी, मका किंवा सातू मिसळतात. आठ प्रकारांचं ताट शहराचं, हॉटेलाचं, सणाचं. हे मी लेखातच लिहायला हवं होतं असं कुणी म्हणेल तर हरकत नाही, त्यासाठीच प्रतिसाद आहेत.

नाडीपरीक्षा

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून दुसरी बाजू. चर्चच्या नियमांत लहान मुलं, गरोदर बायका, आजारी माणसं यांना उपासातून सूट आहे. प्रत्यक्षात अनेक गरोदर बायका उपास सोडत नाहीत. आणि मुलांना सूट असली तरी उपासाच्या काळात घरात दूध-अंडं शिजतच नाही, कारण भांडी विटाळतील अशी भीती असते. एक-दोन वर्षांच्या वाढत्या मुलाला सलग ५५ दिवस प्राणिज अन्न मिळालं नाही तर ते त्याला सोसणारं नसतं. बी-१२ कुठल्याच डाळीत नाही. इथिओपियातले आहारतज्ज्ञ आणि काही धर्मगुरूही यावर लोकांशी बोलत आहेत, मुलांसाठी वेगळं भांडं ठेवा असं सांगत आहेत.

परंपरा सुंदर आहे हे मान्य करूनच लिहितो आहे. आपल्याकडे उपास करणाऱ्या गरोदर मुलींना मी हेच सांगतो.

चुलवण

डॉक्टर, मनापासून आभार. वेगळं भांडं हा उपाय मला फार योग्य वाटतो, त्यात कुणाची श्रद्धा दुखावत नाही.

वैनगंगा

मी भंडाऱ्याची. शिरो कुठल्या डाळींचं करतात ते वाचून विचारते, त्यात लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ असते का? इथिओपियात लाखोळी खूप पिकते असं ऐकलं होतं.

चुलवण

असते. तिथे गुआया म्हणतात. स्वस्त शिरोत ती मिसळलेली असते, आणि उत्तरेकडच्या खेड्यांत नुसत्या गुआयाचंही शिरो करतात.

वैनगंगा

मग तिथेही तो पायांचा आजार असणार.

आमच्याकडे धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोळी फेकून देतात, उतेरा म्हणतात त्याला. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही, तरी येते. म्हणूनच दुष्काळात तीच उरते. ती अधूनमधून, इतर धान्यांसोबत खाल्ली तर माणसं पिढ्यानपिढ्या धडधाकट राहिलेली आम्ही पाहतो. पण दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर त्यातल्या विषारी घटकाने कमरेखालचे स्नायू आखडतात आणि माणूस काठीवर येतो, ते परत बरं होत नाही. १९६१ मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी आणली, महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. बंदीच्या काळातही आमच्याकडे घरोघरी लाखोळीचे वडे आणि वरण होतच होतं.

नाडीपरीक्षा

वैनगंगा ताई, बरोबर लिहिलंत. इथिओपियात १९७० च्या दशकातल्या दुष्काळानंतर वायव्येकडच्या भागात या आजाराची मोठी साथ आली होती. तिथल्या खेड्यांत अशी समजूत आहे की शिजणाऱ्या गुआयाची वाफ अंगावर आली किंवा तिच्या शेतातून चाललं तरी पाय जातात. वाफेने काही होत नाही, खाण्याने होतं. भरपूर पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी फेकलं तर विष बरंच कमी होतं, आणि तांदूळ-गव्हासोबत खाल्ली तर धोका आणखी उतरतो. अडचण अशी की ज्या वर्षी ही काळजी सगळ्यात जास्त घ्यायला हवी, त्याच वर्षी पाणी आणि दुसरं धान्य नसतं.

पोटोमॅक

आम्ही वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये राहतो. १९७४ च्या क्रांतीनंतर इथिओपियातून बाहेर पडलेली पुष्कळ कुटुंबं या भागात स्थायिक झाली, त्यामुळे इथे इथिओपियन उपाहारगृहं जागोजागी आहेत. आमच्या मराठी मंडळातल्या ज्येष्ठ शाकाहारी मंडळींना बाहेर न्यायचं तर आम्ही हटकून तिथेच नेतो. आईला शिरो इतकं आवडलं की ती त्याला पिठलंच म्हणते.

इथला तेफ बराचसा अमेरिकेतला, आयडाहोत १९८० च्या दशकापासून पिकतो. इथिओपियाने २००६ मध्ये कच्च्या तेफच्या निर्यातीवर बंदी घातली होती, देशातले भाव भडकू नयेत म्हणून. तयार इंजेरा मात्र विमानाने यायचा.

पेटंटचं प्रकरण कुणी लिहिलं नाही अजून?

खापर

ते मी लिहितो, कारण संताप येतो त्यावर. एका डच कंपनीने तेफच्या पिठावर प्रक्रिया आणि त्याचे पदार्थ यांसाठी युरोपात पेटंट मिळवलं, २००७ मध्ये ते मंजूर झालं. हजारो वर्षं पीठ दळणाऱ्या लोकांचं पीठ दुसऱ्याच्या नावावर! पुढे नेदरलँड्समधल्याच न्यायालयात ते पेटंट टिकलं नाही, त्यात नवं काही शोधलेलं नाही म्हणून ते तिथे रद्द ठरलं. २०१९ च्या सुरुवातीला ही बातमी आली. आपण हळदीच्या पेटंटसाठी भांडलो होतो, त्यामुळे त्यांचा आनंद मला परका वाटला नाही.

पाणवठा

मला मिसिर वॉत करायचं आहे. बर्बरे इथे मिळत नाही. घरी कसं जमवावं?

चुलवण

मिळेल त्यातून करा. १२-१५ बेडगी मिरच्या आणि तिखट हवं तर दोन-तीन लवंगी, मंद गरम करून घ्या. चमचाभर धणे, अर्धा चमचा मेथी, अर्धा चमचा ओवा, अर्धा चमचा कलौंजी, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, थोडी मिरी, आणि कोरेरिमाच्या जागी एका मोठ्या वेलचीचे दाणे. कोरडंच भाजून बारीक दळा, शेवटी सुंठ आणि मीठ. मेथी करपली तर सगळं कडू होईल, तिला वेगळी भाजा.

अर्धा किलो कांदा बारीक चिरून वर सांगितल्यासारखा कोरडा शिजवा, किमान अर्धा तास. मग अर्धी वाटी तेल. मिळालं तर कारळ्याचं, नाहीतर शेंगदाण्याचं. तीन चमचे बर्बरे, लसूण, आलं, आणि पाण्याचे हबके देत दहा-पंधरा मिनिटं. त्यात वाटीभर धुतलेली मसूर डाळ आणि गरम पाणी. डाळ मऊ व्हावी पण ओघळू नये, इंजेराने उचलता आली पाहिजे.

तेफ नसेल तर ज्वारीच्या पिठाचा इंजेरा करा. इथिओपियाच्या पूर्वेकडच्या भागात ज्वारीचाच करतात, तेव्हा त्यात तडजोड काही नाही. अब्सितची पायरी चुकवू नका.

माजघर

एकमेकांना घास भरवतात म्हणे? त्याबद्दल लिहा ना.

चुलवण

गुरशा. इंजेराच्या तुकड्यात भाजी गुंडाळून शेजारच्याच्या तोंडात द्यायची. घास जितका मोठा तितकी माया मोठी. नाही म्हणायचं नसतं. आधी यजमान तांब्या-घंगाळ घेऊन सगळ्यांच्या हातावर पाणी घालतात, मग एकाच ताटात उजव्या हाताने जेवण. सासू सुनेला भरवते, कचेरीत साहेब शिपायाला भरवतो. आपल्याकडे घास भरवणं लग्नात आणि बाळाच्या उष्टावणात होतं, मोठी माणसं एरवी लाजतात. मला ती रीत इतकी आवडली की आता आमच्या घरी पाहुण्यांनाही एक घास मिळतोच.

जेवणानंतर कॉफी. हिरव्या बिया समोर भाजून, कुटून, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात, शेजारी उद धुमसत असतो. अबोल, तोना, बरका अशा तीन फेऱ्या होतात. उपासाला दूध नसतंच, कॉफी काळीच. तिच्यावर स्वतंत्र धागा काढेन.

कृष्णाकाठ

आम्ही विजापूरकडचे मराठी. करडईला तिथे सुफ म्हणतात असं वर आलंय. तिचा उपासाचा पदार्थ कोणता? आमच्याकडे करडईचं दूध काढून त्यात गहू शिजवून हुग्गी करतात, कुसबी हुग्गी. गूळ घालून. बाहेरच्या लोकांना करडई म्हणजे फक्त तेल माहीत, दूध म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

चुलवण

कृष्णाकाठ, तिथेही दूधच काढतात! सुफ फितफित. करडई उकळून किंवा हलकी भाजून कुटायची, पाण्यात कालवून फडक्याने गाळायची, पांढरं दूध निघतं. गोड मात्र नाही करत. त्यात बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, आलं, मीठ, आणि इंजेराचे तुकडे कुस्करून टाकायचे. गारच खातात. हुदादेत दिवसभराच्या उपासानंतर पोटाला थंडावा म्हणून पहिलं हेच. जवसाचंही असंच करतात, ते जरा बुळबुळीत होतं.

तुमच्या हुग्गीचं प्रमाण द्याल का? टरफलं आधी काढता की गाळताना जातात? मला टरफलांचा कडवटपणा नेहमी त्रास देतो.

कृष्णाकाठ

टरफलासकटच रात्रभर भिजवतो, सकाळी पाटा-वरवंट्यावर वाटून दोनदा फडक्यातून पिळतो. वाटताना खोबऱ्याचा तुकडा टाकला की कडवटपणा दबतो. दूध उकळू द्यायचं नाही, फाटतं. खपली गहू आधी वेगळा मऊ शिजवायचा, गूळ त्यातच विरघळवायचा, आणि आच बारीक केल्यावर दूध ओतून सतत ढवळायचं. वाटीभर गव्हाला दोन वाट्या करडई. वेलची, सुंठ, खसखस. आईकडून जायफळाचं विचारून उद्या लिहितो.